डब्यातली चिंधी

जुन्या चेनवाल्या लोडरचा गिअरबॉक्स रुसला की माणसं आधी शिव्या घालत, मग तेल बदलून बघत, मग कुणी दीडशहाणा सांगेल तो बोल्ट पिळून बघत, आणि सगळं करून हात टेकले की मग नाकवाल्या मिस्त्रीला बोलावणं धाडत. आधीच का बोलावत नसत ते देव जाणे. मिस्त्रीचं डोकं यानेच फिरायचं. "माणूस गेल्यावर डॉक्टर शोधता होय रे?" असं पुटपुटत तो चेनवर पाय देऊन वर चढायचा आणि आधी सगळ्यांना खाली उतरवायचा. मग प्रश्न सुरू.

पुढे जाताना अडते की मागे जातानाही? थंड असताना अडते की गरम झाल्यावर? एकाच बाजूची चेन मरते की दोन्ही? उत्तर देणारा पाल्हाळ लावायला लागला की तो हात वर करून थांबवायचा. त्याला गोष्ट नको असायची, उत्तर हवं असायचं. एकाच बाजूची चेन मरत असेल तर तो सांगे, गिअरबॉक्सच्या वाटेला जाऊ नका, त्या बाजूचा स्टिअरिंग क्लच गेलाय. पुढेही नाही आणि मागेही नाही, तर तेल खाली गेलंय, नाहीतर तळाची जाळी तुंबलीय, नाहीतर पंपाने मान टाकलीय. आणि मागे झकास जाते पण पुढे घालताना नुसती घुमते, तर दुखणं दोनच ठिकाणी असू शकतं. पुढच्या गिअरच्या क्लच प्लेटा, नाहीतर त्या प्लेटांना तेलाचा दाब पाठवणारा व्हॉल्व्ह.

खरी गंमत इथे होती. व्हॉल्व्ह म्हणजे वरचं झाकण उघडून, साफसूफ करून, स्प्रिंग बदलून होणारं काम. प्लेटा म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवायचा. वर या म्हाताऱ्या गाड्यांच्या प्लेटा आता कुठे बनतच नाहीत. भंगारात तशीच एखादी गाडी कापायला आली असेल तर तिच्या पोटातून काढून आणायच्या. तेही दुखणं वेळेत कळलं तर. प्लेटा जळायला लागल्यावरही गाडी ओझ्याखाली चालवत राहिलं, तर त्या वितळून एकमेकींना चिकटतात, बाहेरचा ड्रम तडकतो आणि धातूचा भुसा सगळ्या नळ्यांतून फिरतो. मग ती गाडी नसते, लोखंड असतं.

व्हॉल्व्ह की प्लेटा, हे ठरवायला मिस्त्री तेल मोजायची पट्टी उपसायचा, थेंब बोटांत चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. डोळे मिटायचा. खाली उभी असलेली माणसं श्वास धरून बघत राहायची. "करपलंय" म्हणाला की मालक मटकन खाली बसायचा. "नुसतं तापलंय" म्हणाला की कुणीतरी धावत चहा सांगायला जायचं. त्याचा निकाल कधी चुकला नाही, म्हणून तर नाकवाला हे नाव पडलं. त्याचं खरं नाव त्याच्या सासरच्यांनाही आठवून सांगावं लागायचं.

आणि नेमकं अशा माणसाचं नाक गेलं.

गेलं ते एका तापात. मोठा ताप होता. तो आणि बायको एकाच खोलीत, एकाच भिंतीला डोकी लावून पडून होते. भिंतीपलीकडच्या घरात धाकटा भाऊ आणि त्याची बायको राहायची. ती बिचारी दोन्ही वेळा दारात पेज ठेवून जायची. ताप उतरला, अंगात ताकद आली, तो कामावर गेला. डिझेलने हात धुतले आणि त्याला वाटलं कुणीतरी टपात पाणीच भरून ठेवलंय. तो वाकून टपात बघत राहिला. डिझेलच होतं.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगतो कशाला? गवयाने गळा गेला म्हणून गावभर दवंडी पिटावी काय? फक्त बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. पुसतापुसता थांबली, मग म्हणाली, "येईल परत." पण नाक काही परत आलं नाही.

मग त्याने एक युक्ती काढली. गाडीवर चढल्यावर तो पूर्वीसारखाच थेंब चोळायचा, नाकाशी न्यायचा, डोळेही मिटायचा. मग म्हणायचा, "तेल निवू दे. उद्या सकाळी सांगतो." चिंधी तेलात बुडवायची, जेवणाच्या रिकाम्या डब्यात ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि घर गाठायचं. पहिल्यांदा डबा पुढे केला तेव्हा त्याची मान खाली होती. "जरा बघ गं, कसा वास येतोय."

बायकोने झाकण उघडलं, चिंधी नाकाशी नेली. मग त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "करपलंय."

तिचं बरोबर निघालं. पुढच्या खेपेला म्हणाली, "नुसतं तापलंय." तेही बरोबर निघालं. मग ती रीतच पडली. दारातून आत येतानाच तिला कळायचं की आज डब्यात चिंधी आहे. "आणलात का माझ्यासाठी गजरा?" असं म्हणून ती हात पुढे करायची. "नवरा डब्यातून तेलाची चिंधी हुंगायला आणतो म्हणून माहेरी कळवलं असतं ना, तर भावांनी येऊन नेलं असतं मला." तो हसायचा. बाहेर लोक म्हणायचे, मिस्त्री म्हातारा झाला तसा विचारी झाला, हल्ली निकाल दुसऱ्या दिवशी देतो. त्याला मनातून लाज वाटायची, पण पोट चालत होतं आणि गाड्याही चालत होत्या. बायकांचं नाक मुळातच तिखट असतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

त्याच सुमाराला त्याच्या घरातली पातेली करपायला लागली. दूध तळाला लागायचं, बटाटे काळे व्हायचे. भिंतीपलीकडून जाऊ ओरडायची, "ताई, दूध!" की ही धावायची. धाकट्याला तर आयतंच कोलीत मिळालं होतं. "वहिनीच्या घरातून धूर निघाला की समजायचं, स्वयंपाक झाला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. वहिनी त्याला उलथनं दाखवायची. "वय झालं रे बाबा, लक्ष राहत नाही," म्हणायची. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. मिस्त्रीलाही नाही.

हा धाकटा म्हणायला दीर होता. आईबाप गेले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि ही नुकती लग्न होऊन आलेली. हिला स्वतःचं मूल झालं नाही. ज्याला न्हाऊमाखू घातलं, ताप आला तर मांडीवर घेतलं, मार खाऊन आला तर ज्याच्यासाठी शेजाऱ्यांशी भांडली, तो हाच. लग्न झाल्यावर त्याने वेगळं घर केलं तेही कुठे, तर भिंतीपलीकडे.

आणि दोघा भावांचा मिळून एक लोडर होता. भंगारातून उचलून आणलेला. आणला तेव्हा त्याच्या बकेटमध्ये गवत उगवलं होतं. मिस्त्रीने तो खिळा न खिळा उघडून पुन्हा जुळवला आणि धाकट्याने चालवायला घेतला. खडीच्या यार्डात तो सकाळी जायचा, ढीग उपसून ट्रकांत भरायचा, अंधार पडायच्या आत घरी यायचा. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं. संध्याकाळी अंगणात चौघं चहा घेत बसायची. सुख सुख म्हणतात ते मिस्त्रीला इतकंच माहीत होतं.

एके दुपारी धाकटा यार्डातून पायी घरी आला. हा माणूस कधी जेवायला थांबत नाही, तो दुपारी घरी आला म्हटल्यावर मिस्त्री हातातलं काम टाकून उठला.

"दादा, पुढे घालताना दम सोडते," धाकटा म्हणाला. "मागे येते व्यवस्थित. सकाळी काही नसतं. गरम झाली की गिअरचा दांडा टाकल्यावर विचार करत बसते, मग धक्का मारून निघते. तेल बदललं मी परवा. फरक नाही."

"मला न विचारता बदललंस?"

"म्हटलं तुला कशाला त्रास."

"आणि यार्डाचा मॅनेजर काय म्हणतो?"

धाकट्याने मान खाली घातली. मॅनेजर सरळ बोलला होता. गाडी आठवडाभरात धड झाली नाही तर यार्डात नवी मशीन येईल, तिच्याबरोबर तिचाच ऑपरेटर येईल. आणि धाकट्याला एकीकडून बोलावणं आलेलं होतं, तेही मिस्त्रीला ठाऊक होतं. लांबच्या एका खाणीत मोठ्या मशिनी चालवायचं काम. राहायला खोली, बायकोलाही घेऊन या म्हणाले होते. इतकं लांब, की वर्षातून एकदा घरी येणं झालं तर झालं. धाकट्याने त्यांना अजून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

"लोडर चालला तर मी कुठे जात नाही, दादा," तो म्हणाला. "नाही चालला तर मग काय करणार मी इथे?"

मिस्त्री त्याच्याबरोबर यार्डात गेला. गाडी तापवून घेतली. धाकट्याने खडीच्या ढिगात बकेट घुसवलं. इंजिन ओरडलं, चेन जागची हलेना, मग एकदम हिसका देऊन गाडी पुढे सरकली. मागे घेतली तर लोण्यासारखी आली. मिस्त्रीने दाब मोजायचा गेज लावला. मागच्या गिअरला काटा जागेवर होता, पुढच्या गिअरला खाली बसला होता. खूप नाही. व्हॉल्व्ह अडकला तरी काटा असाच बसतो आणि प्लेटांमागचं सील गेलं तरी असाच बसतो. गेजने हात वर केले होते.

तेलाच्या रंगावरून काही कळलं असतं, तर तेल नवंकोरं. त्याने तळाची जाळी काढून बोटाने निपटली. बोटावर काळा भुसा आला, चिमूटभर. जुन्या गाडीत एवढा भुसा निघतोच, असं तो स्वतःशी म्हणाला. हाच भुसा दुसऱ्या कुणाच्या गाडीत सापडला असता, तर त्याने मालकाला तिथल्या तिथे गाडी बंद करायला लावली असती आणि वर दोन शब्द सुनावले असते. आज त्याने तो पँटला पुसून टाकला.

मग पट्टी उपसली. थेंब चोळला. डोळे मिटले. शेजारी वाकलेल्या धाकट्याने तोंड फिरवलं आणि बाहीने नाक पुसलं.

"काय रे?"

"काही नाही. धूळ फार आहे आज."

"तेल निवू दे," मिस्त्री म्हणाला. "उद्या सांगतो."

चिंधी डब्यात घालून तो निघाला. रस्ताभर तो हिशेब करत होता की व्हॉल्व्हच असणार. तेल बदललं तेव्हा घाण ढवळली गेली असेल, कण अडकला असेल. सकाळी चालते म्हणजे प्लेटा शाबूत आहेत. त्याच्याच तोंडून हजार वेळा लोकांनी ऐकलं होतं की सकाळी चालणं याचा काही अर्थ नसतो, थंड तेल जाड असतं, ते जळक्या प्लेटांनाही धरून ठेवतं. ते सगळं तो आज विसरला. विसरला कसलं, आठवू द्यायला तयार नव्हता.

घरी पोचला तो तसाच आत शिरला. चौकटीपाशी बूट काढायचे असतात हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. बायको शेगडीपाशी कांदा चिरत होती. गजऱ्याचा विनोद आज झाला नाही. तिला दुपारीच सगळं कळलं होतं.

त्याने डबा पुढे केला. तिने हात पदराला पुसले, झाकण उघडलं, पण चिंधी उचलायच्या आधी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या बुटांकडे बघितलं. पुन्हा तोंडाकडे बघितलं. मग चिंधी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "जळकं नाही. नुसतं तापलंय."

"नक्की?"

"नक्की."

मिस्त्रीच्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी तो दोन पोळ्या जास्त जेवला. भिंतीवर थाप मारून त्याने धाकट्याला ओरडून सांगितलं, "व्हॉल्व्ह आहे रे. उद्या उघडू."  पलीकडून धाकटा म्हणाला, "बरं, दादा."

दुसऱ्या दिवशी त्याने झाकण उघडलं. व्हॉल्व्ह काढला, डिझेलमध्ये धुतला, पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासला. स्प्रिंग जराशी मऊ वाटली तर तिच्याखाली एक बारीक वॉशर सरकवला, म्हणजे दाब वाढेल. आणि दाब खरंच वाढला. काटा जागेवर आला. गाडी गरम करून ढिगात घातली तर एखाद्या तरण्या रेड्यासारखी आत घुसली. धाकटा वरून हसला. मॅनेजरसुद्धा ऑफिसच्या दारात येऊन मान डोलावून गेला. धाकट्याने त्याच दुपारी खाणीवाल्यांना निरोप धाडला की मी येत नाही, तुम्ही दुसरा माणूस बघा.

दाब वाढवला म्हणजे मरायला टेकलेल्या प्लेटा थोडे दिवस जोरात आवळल्या जातात, इतकंच. हेही मिस्त्रीनेच लोकांना शिकवलेलं.

ते थोडे दिवस फार चांगले गेले, हे सांगायला हवं. अंगणात चौघं बसायची. धाकट्याने भिंतीला चुना लावायचं काढलं. जाऊने दाराशी दोन कुंड्या आणून ठेवल्या. मिस्त्रीने बायकोला म्हटलंही, "तुझ्या नाकाने वाचवलं गं आपल्याला." ती उठून आत गेली. कपबशा विसळायला गेली असं त्याला वाटलं.

मग एक दिवस, बकेट काठोकाठ भरून गाडी खडीचा चढ चढत असताना, आतून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि गाडी चढावरच थांबली. थांबली आणि मागे घसरायला लागली. धाकट्याने ब्रेकवर अंग टाकून ती कशीबशी धरली म्हणून खालचा ट्रक वाचला आणि तोही वाचला. मिस्त्री पोचला तेव्हा गाडीच्या पोटाखालून धूर निघत होता आणि यार्डातली माणसं नाकाला रुमाल लावून लांब उभी होती. तो एकटाच काही न लावता जवळ गेला.

साखळीची पुली लावून गिअरबॉक्स उतरवला. उघडल्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून त्यांचा एकच काळा गोळा झालेला. ड्रमला आरपार तडा. पंपापर्यंत भुसा. मिस्त्रीने तड्यावरून नख फिरवलं आणि तो तिथेच खडीवर बसला.

धाकटा त्याच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "दादा, हा वास त्या दिवशीही होता."

"कुठल्या दिवशी?"

"तू पट्टी काढलीस त्या दिवशी. घशाशी आलं होतं माझ्या. मला वाटलं, करपलंय. पण तू नाकाशी धरून म्हणालास, उद्या सांगतो. मग म्हणालास, व्हॉल्व्ह आहे. मी काय बोलणार? नाकवाला तू."

"बोलायचं होतंस."

"तुझ्यापुढे?" धाकटा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच ते सुचलं नव्हतं, आणि आता सुचून उपयोग नव्हता.

आणि मिस्त्री तरी त्याला कुठल्या तोंडाने विचारणार होता, की तूच वास घेऊन सांग रे? नाक गेल्याचं त्याने सख्ख्या भावापासून लपवलं होतं. हा लाजेपोटी गप्प आणि तो मानापोटी गप्प. दोघांच्या मध्ये त्या तेलाची पट्टी.

धाकट्याने खाणीवाल्यांना पुन्हा विचारलं. पहिली जागा भरली होती. त्याहून लांबच्या, त्याहून वाईट जागी ये म्हणाले, आणि लगेच ये म्हणाले. तो हो म्हणाला.

मिस्त्री घरी आला. बायकोने दूध तापत ठेवलं होतं. तिला त्याने बाहेर दाराशी बोलावलं. ती उंबरठ्यावर बसली, घराकडे पाठ करून. तो समोर उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने तिच्यावर आवाज चढवला नव्हता आणि आजही चढवला नाही, पण आवाजात जे होतं ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"तू वास घेतला होतास ना?"

तिने नजर खाली वळवली.

"धाकट्याला आला. त्या मॅनेजरलासुद्धा आला असता. तुला कसा नाही आला? खोटं का बोललीस? वेळेत कळलं असतं तर मी गाडी तिथेच बंद केली असती. भंगारात प्लेटा मिळाल्या असत्या. नसत्या मिळाल्या तर कुठूनतरी पैदा केल्या असत्या मी. काहीतरी झालं असतं."

ती जमिनीकडे बघत राहिली.

"बोल की."

तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली. "ताई, दूध!" आणि मग पावलं. जाऊ हातावर घडी घातलेले कपडे घेऊन तशीच धावत आली. तिचं सामान बांधणं चाललं होतं. उंबरठा ओलांडून ती आत शिरली, खोकत खोकत शेगडी बंद केली आणि पातेलं फडक्याने धरून बाहेर घेऊन आली. तळ कोळसा झाला होता. "अहो, केवढी ही घाण सुटलीय, माझ्या घरात बसवेना मला. आणि तुम्ही दोघं इथे, दाराशी..."

ती बोलता बोलता थांबली. तिने दादांकडे बघितलं, मग ताईंकडे. पातेलं खाली ठेवलं आणि निघून गेली.

मिस्त्री त्या पातेल्याकडे बघत होता. मग बायकोकडे. शेगडी तिच्या पाठीमागे हाताभर अंतरावर होती.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुमच्याबरोबरच," ती म्हणाली. "त्याच तापात."

"येईल परत म्हणाली होतीस."

"मला वाटलं होतं येईल."

तो तिच्या शेजारी उंबरठ्यावर बसला.  "मग मी डबा पुढे केला तेव्हा सांगायचं नाहीस?"

"तुमची मान खाली होती," ती म्हणाली. "मला वाटलं, मीही नाही म्हटलं तर हा माणूस आज झोपायचाच नाही."

"आणि मग? सगळं बरोबर कसं निघायचं?"

"तुम्हाला माहीत असायचं ना. उत्तर तुम्हीच घेऊन यायचात." ती पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलली. "करपलेलं असलं की तुम्ही बूट काढून नीट जोडीने भिंतीला लावायचात. हळू बोलायचात. आणि नुसतं तापलेलं असलं की एक बूट इथे, एक तिथे, आणि आल्या आल्या खायला काय आहे विचारायचात. मी दारातच ओळखायचे. चिंधी नुसती नाकाला लावायचे."

मिस्त्रीला यार्डं आठवली, लोडर आठवले, बोटांवर चोळलेले थेंब आठवले. बोटांना भुसा लागायचा, कानाला घुमणं ऐकू यायचं, मालकाच्या उत्तरातून अर्धं कळायचं. नाक गेल्यावरही त्याचं काही अडलं नव्हतं. फक्त त्याला ते माहीत नव्हतं. आणि आता माहीत होऊन काय करायचं?

"आणि त्या दिवशी?" त्याने विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही बूट काढलेच नाहीत." ती म्हणाली. "तसेच आत आलात. मला काही वाचता येईना. मग तोंडाकडे बघितलं, तर तुम्हाला काय ऐकायचंय ते स्पष्ट दिसत होतं. आणि मलाही तेच म्हणायचं होतं हो. मलाही तो जायला नको होता."

मिस्त्रीला रागवायचं होतं, पण राग कुणावर काढायचा ते सापडेना. तो पातेलं उचलून अंगणातल्या नळाशी गेला आणि राखेने घासायला लागला. कितीही घासलं तरी तळ निघाला नाही.

धाकटा गेला. जाताना वहिनीच्या पाया पडायला वाकला तर तिने त्याला वाकूच दिलं नाही, छातीशी धरलं आणि सोडलं नाही. शेवटी मिस्त्रीने तिचे हात सोडवले. दादाला धाकटा इतकंच म्हणाला, "गाडीची काळजी करू नकोस." काळजी करायला गाडी उरली नव्हती, पण माणूस बोलून जातो. जाऊने कुंड्या ताईंच्या दाराशी आणून ठेवल्या आणि आपल्या घराला कुलूप लावलं. भिंतीला चुना अर्धाच लागला होता.

लोडर यार्डातच कापला. मिस्त्री कापणाऱ्याशेजारी उभा राहिला होता, कारण कुठला भाग कुठे जोडलाय हे त्यालाच ठाऊक होतं. गॅसची ज्योत चेनला लागली की ग्रीस पेटायचं आणि काळा धूर सरळ त्याच्या अंगावर यायचा. कापणारा तोंडाला फडकं बांधून म्हणाला, "मिस्त्री, जरा बाजूला सरका, वास सहन होणार नाही." मिस्त्री तिथून हलला नाही.

नंतरही लोक बोलवायला येत. कुणाचा लोडर पुढे जात नाही, कुणाचा गरम झाल्यावर थांबतो. तो दारातूनच सांगायचा, मी सोडलं आता. लोकांना वाटायचं, भाऊ गेल्यापासून म्हातारा खचला. वाटायचं ते बरोबरच होतं, पण पुरतं बरोबर नव्हतं. बोटं होती, कान होते, सगळी विद्या शाबूत होती. पण आपल्याला जे दिसतंय ते खरंच आहे म्हणून दिसतंय की दिसावंसं वाटतंय म्हणून, हे त्याला आता सांगता येत नव्हतं. आणि ज्याला हे सांगता येत नाही त्याने दुसऱ्याच्या गाडीवर चढू नये, इतकी लाज त्याच्यात शिल्लक होती.

हल्ली दूध तापवायचं म्हणजे दोघांचं काम झालंय. ती पातेलं ठेवते, तो पाट ओढून समोर बसतो. मग तीही बसते. दोघं पातेल्याकडे टक लावून बघतात, बोलत नाहीत, कारण बोलण्यात लक्ष गेलं की संपलं. साय थरथरते, कडा वर येतात, दूध फुगतं. ती हात पुढे करून शेगडी बंद करते.

त्यानंतर दोघंही सवयीने भिंतीकडे बघतात. पलीकडून कुणी काही म्हणत नाही.